गिटच्या पोटात काय असतं, आणि त्यात हरवलेली ओळ कशी शोधायची

गिट म्हणजे कोडच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. ‘गिट फाइलमधले बदल साठवतं की अख्खी फाइल?’ हा प्रश्न हिंजवडी-खराडीकडच्या मुलाखतींमध्ये हमखास येतो, आणि ‘बदल’ हे उत्तरही तितक्याच ठामपणे दिलं जातं. ते चूक आहे. नुकसान मुलाखतीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण साठवण कशी होते हे ठाऊक नसलं की शोधताना भलतीच आज्ञा हाताशी येते, आणि माणूस लॉग वरखाली करत दुपार घालवतो. म्हणून आधी साठवण बघू, मग शोध.

उदाहरणासाठी समजा, नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाचा वर्गणीचा हिशोब ठेवणारा पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम आहे. लिहिणारे मंडळातलेच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. दर दोन-तीन वर्षांनी मुलं नोकरीला लागतात, नवी तुकडी येते आणि जुन्या ओळींवर हात फिरवते. आता खजिनदार विचारतायत, ‘ढोल पथकातल्या मुलांना सवलत होती ना? ती कुणी काढली?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याला गिटकडून काढायचं आहे.

एक सूचना: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायच्या.

साठवण हाताने करून बघा

एक नवा रेपो (गिट सांभाळतं ते फोल्डर) करा, त्यात जा आणि एक शब्द गिटच्या हवाली करा.

गिट इनिट वर्गणी
सीडी वर्गणी
एको 'पुणे' | गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू --स्टडिन

उत्तरादाखल ४० चिन्हांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, मिळेल. तो तयार कसा झाला? गिटने तुमच्या मजकुरापुढे एक छोटं शीर्षक लावलं: ‘ब्लॉब’ हा शब्द, एक स्पेस, मजकुराचा आकार आणि एक शून्य बाइट. मग शीर्षक आणि मजकूर मिळून एसएचए-१ पद्धतीने हॅश काढला. आकार मोजला जातो तो बाइटमध्ये. ‘पुणे’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या लेखी प, उकार, ण आणि मात्रा अशी ती चार चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे १२; एकोने शेवटी घातलेली नवी ओळ धरून १३. खात्री करून घ्या:

गिट कॅट-फाइल -एस (मिळालेला हॅश)

१३ येतील. ‘-एस’ऐवजी ‘-पी’ दिलं तर मजकूर दिसेल, ‘-टी’ दिलं तर प्रकार. हॅश पूर्ण लिहायची गरज नाही. पहिली चार-सात चिन्हं पुरतात, फक्त त्या रेपोत दुसऱ्या कशाशी गल्लत व्हायला नको.

आता डॉट-गिट फोल्डरमधलं ‘ऑब्जेक्ट्स’ उघडा. हॅशच्या पहिल्या दोन चिन्हांच्या नावाचं एक फोल्डर दिसेल आणि उरलेल्या ३८ चिन्हांच्या नावाची त्यात एक फाइल. ती झेडलिबने दाबून ठेवलेली असते, त्यामुळे थेट उघडली तर कचराच दिसेल.

यात फाइलचं नाव कुठेच नाही. ब्लॉब म्हणजे निव्वळ मजकूर, आणि पत्ताही मजकुरातूनच निघतो. म्हणून तोच मजकूर पन्नास फोल्डरांत ठेवला तरी ब्लॉब एकच. रिकाम्या फाइलचा हॅश तुमच्या कोथरूडच्या घरीही ई६९डीई२९ नेच सुरू होतो आणि टोकियोतही. उलट एका बाइटचा फरक पडला तरी हॅश पार बदलतो. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट आणि लिनक्सवर एक असला की ‘काहीच बदललं नाही’ अशी फाइलसुद्धा गिटला नवी वाटते, ती यामुळेच. रेपोत डॉट-गिटअॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून त्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ पहिल्याच दिवशी टाकावी. नंतर टाकली की एक भलीमोठी, अर्थहीन कमिट (त्या क्षणीच्या फाइलींची पक्की नोंद) करावी लागते आणि ती पुढे प्रत्येक शोधात आडवी येते.

नाव, फोल्डर, इतिहास

एक-दोन फाइली आणि एक उपफोल्डर करून कमिट करा, आणि बघा:

गिट कॅट-फाइल -पी हेड

हेड म्हणजे तुमची ताजी कमिट. चार-पाच ओळी येतील: एका ट्रीचा हॅश, आधीच्या कमिटचा हॅश (पहिलीच कमिट असेल तर तो नसतो), लेखक, कमिट करणारा, आणि संदेश. वेळ सेकंदांत असते आणि तिच्यापुढे +०५३० हा आपला टाइमझोन. ट्रीचा हॅश घेऊन पुन्हा तीच आज्ञा चालवा. आता नावं दिसतील: प्रत्येक ओळीत परवानगीचा आकडा (साध्या फाइलला १००६४४, चालवता येणाऱ्या फाइलला १००७५५), ब्लॉब की ट्री, हॅश आणि नाव. उपफोल्डर म्हणजे आतली आणखी एक ट्री.

म्हणजे प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या संपूर्ण प्रकल्पाकडे बोट दाखवते. ‘काय बदललं’ हे कुठेही लिहिलेलं नसतं. गिट डिफ तुम्हाला जो फरक दाखवतं तो मागितल्यावर, दोन ट्री समोरासमोर ठेवून काढलेला असतो. फाइलचं नाव बदलल्याचीही नोंद नसते. गेलेली आणि आलेली फाइल निदान ५० टक्के सारखी असेल तर गिट अंदाजाने ‘नाव बदललं’ म्हणतं.

पण दर कमिटला सगळ्या ट्री आणि सगळ्या फाइली वाचायच्या म्हटलं तर मोठ्या रेपोचं काय होईल? तिथे हॅशची करामत कामी येते. दोन कमिट्समध्ये ‘अहवाल’ या फोल्डरच्या ट्रीचा हॅश तोच असेल, तर आतल्या हजार फाइलींत काहीही बदललेलं नाही हे एका तुलनेत कळतं. गिट त्या फोल्डरात पाऊलही टाकत नाही. पुढे येणारा, इतिहास धुंडाळणारा प्रत्येक शोध या एका सोयीवर उभा आहे.

आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या प्रणाली असं करत नव्हत्या. बेल लॅब्जमध्ये १९७२ साली मार्क रॉचकिंड यांनी केलेल्या एससीसीएसमध्ये एका फाइलच्या सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकातच गुंफलेल्या असत, कुठली ओळ कुठल्या आवृत्तीत आली आणि गेली या खुणांसकट. वॉल्टर टिची यांच्या आरसीएसने ताजी आवृत्ती पूर्ण ठेवली आणि मागे जाण्यासाठी उलटे फरक. या दोन्हींत ‘ही ओळ कुणाची?’ हे सांगणं सोपं, पण पूर्ण प्रकल्पाचा एका क्षणीचा फोटो काढणं जिकिरीचं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं तेव्हा त्यांना लिनक्स कर्नेलसाठी नेमकं दुसरं हवं होतं. ओळीचा मालक शोधणं त्यामुळे महाग झालं; तो सौदा त्यांनी जाणूनबुजून केला.

मग जागा पुरते कशी?

दोन एमबीची फाइल दहा वेळा बदलून दहा कमिट्स केल्या तर सुरुवातीला खरोखरच दहा पूर्ण ब्लॉब पडतात. बघायचं असेल तर:

गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही -एच (व्ही लहान लिपीतला, एच कॅपिटल)

आता ‘गिट जीसी’ चालवा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. सुटे ऑब्जेक्ट (म्हणजे ब्लॉब, ट्री, कमिट) गायब, एक पॅक फाइल हजर आणि आकार धाडकन खाली. सुटे ऑब्जेक्ट साधारण ६,७०० च्या वर गेले की हे काम गिट आपणहून करतं.

फरकांची साठवण होते ती इथे, त्यामुळे मुलाखतीतलं ‘बदल’ हे उत्तर अगदीच हवेतून येत नाही. मात्र हे फरक कमिटच्या क्रमाने नसतात. पॅक करताना गिट एकाच प्रकारचे ऑब्जेक्ट नाव आणि आकार बघून रांगेत लावतं, प्रत्येकाची शेजारच्या दहा ऑब्जेक्टशी तुलना करतं आणि ज्याच्याशी सर्वात कमी फरक पडेल त्याच्यावर टेकवतं. फरक म्हणजे फक्त दोन प्रकारच्या सूचना: ‘आधारातले इथून इतके बाइट उचल’ आणि ‘हे नवे बाइट घाल’. साखळी ५० कड्यांपेक्षा लांब जाऊ देत नाही, नाहीतर एक जुनी फाइल वाचायला पन्नासच्या पन्नास गाठी सोडवाव्या लागतील. मोठी फाइल आधी घेतली जाते आणि फाइली वर्षागणिक फुगतच असतात, त्यामुळे बहुधा ताजी आवृत्ती पूर्ण राहते आणि जुनी तिच्यावर टेकते.

पॅकशेजारी एक इंडेक्स फाइल असते. तिच्या सुरुवातीला २५६ खणांचा तक्ता. हॅशचा पहिला बाइट पाहून खण ठरतो, मग त्या खणापुरत्या क्रमवार यादीत निम्म्या-निम्म्याने शोध. लाखो ऑब्जेक्टमधून एक सापडायला जेमतेम काही तुलना लागतात. पण ही यादी हॅशची आहे. आतल्या शब्दांची कुठलीही सूची गिटकडे नाही. ‘सवलत’ हा शब्द कुठे आहे हे विचारलंत तर गिटला मजकूर उघडूनच बघावं लागतं. म्हणून प्रश्न नेमका विचारला तर उत्तर सेकंदात, आणि ढोबळ विचारला तर चहा पिऊन या.

मंडळाच्या रेपोत फ्लेक्सची डिझाइनं आणि मांडवाचे फोटो कोंबले असतील (असतातच) तर वरचं काहीच लागू पडत नाही. जेपेग आधीच दाबलेली असते. दोन फोटोंतला फरक जवळजवळ फोटोइतकाच मोठा निघतो. अशा फाइलींसाठी गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारी जोडणी) वापरा, नाहीतर त्या ड्राइव्हवर ठेवा. गिटहब तर १०० एमबीवरची फाइल घेतच नाही.

शोध: आधी प्रश्न ठरवा

*‘आत्ता कुठे आहे?’*

गिट ग्रेप -एन 'सवलत'

टर्मिनलवर मजकूर शोधणाऱ्या साध्या ग्रेपपेक्षा हे बरं, कारण गिटच्या नोंदीतल्याच फाइली बघितल्या जातात. डाउनलोड केलेली पॅकेजेस, लॉग, तात्पुरत्या फाइली वाटेतच येत नाहीत. ‘-पी’ जोडलं तर ओळ कुठल्या फंक्शनमध्ये आहे तेही दिसतं. शेवटी टॅग (कमिटला दिलेलं नाव) किंवा ब्रँचचं (कामाच्या समांतर शाखेचं) नाव दिलं तर चेकआउट न करता, म्हणजे समोरच्या फाइली न बदलता, त्या वेळच्या कोडमध्ये शोधता येतं. गणपतीच्या ऐन धामधुमीत, अर्धवट काम उघडं असताना, ‘गेल्या वर्षी काय होतं?’ हे असं बघावं.

सगळ्या कमिट्सवर ग्रेप फिरवायची एक युक्ती इंटरनेटवर फिरते: रेव्ह-लिस्टची अख्खी यादी ग्रेपला द्यायची. करू नका. एकच ओळ हजार कमिट्समध्ये हजार वेळा छापून येते, आणि रेपो मोठा असेल तर शेल ‘यादी फार लांब’ म्हणून हातच वर करतं.

*‘कधी आलं, कधी गेलं?’*

खजिनदारांचा प्रश्न हा आहे, आणि त्याचं हत्यार वेगळं:

गिट लॉग -एस'पथक_सवलत' --वनलाइन -- वर्गणी.पीवाय

हा एस कॅपिटल. गिट प्रत्येक कमिटची तिच्या आधीच्या कमिटशी तुलना करतं, ज्या फाइलींचे हॅश वेगळे आहेत त्याच उघडतं आणि तो शब्द दोन्हीकडे किती वेळा येतो ते मोजतं. संख्या बदलली असेल तरच कमिट दाखवतं. त्यामुळे शब्द जन्मला ती आणि नाहीसा झाला ती, अशा मोजक्याच कमिट्स हाती येतात. सवलत काढणारी बहुधा पहिल्याच ओळीत असेल, कारण यादी नव्याकडून जुन्याकडे जाते. ‘-पी’ जोडून फरक वाचा आणि संदेशही वाचा. संदेश ‘फिक्स’ एवढाच असेल तर मात्र गिटचा नाइलाज आहे.

यात तीन खाचा आहेत. ओळ त्याच फाइलमध्ये वरची खाली गेली तर संख्या तीच राहते आणि कमिट दिसत नाही. अशा वेळी कॅपिटल ‘-जी’ वापरा, तो बदललेल्या ओळींमध्येच पॅटर्न शोधतो, अर्थात गर्दीही जास्त करतो. दुसरी खाच मर्जची, म्हणजे दोन ब्रँच एकत्र करण्याची. साध्या लॉगमध्ये मर्ज कमिटचा फरक काढलाच जात नाही, म्हणून दोन ब्रँचमधल्या बदलांचं भांडण सोडवताना कुणी ओळ गुपचूप उडवली असेल तर ती निसटते. ‘-एम’ जोडलं की सापडते. माझ्या मते ‘ओळ आपोआप गेली’ अशी तक्रार आली की आधी मर्जवरच संशय घ्यावा. तिसरी, दुसऱ्या ब्रँचवरचं बघायचं असेल तर ‘--ऑल’ लागतं.

फाइलचं नाव शेवटी दिलंत तर काम हलकं होतं, कारण त्या वाटेवरचा हॅश न बदललेल्या कमिट्स वगळल्या जातात. मोठ्या रेपोत हे आणखी वेगवान करायचं तर एकदा ही आज्ञा चालवून ठेवा:

गिट कमिट-ग्राफ राइट --रीचेबल --चेंज्ड-पाथ्स

यामुळे ‘या कमिटने ही फाइल नक्कीच बदललेली नाही’ असं सांगणारी छोटी चाळणी प्रत्येक कमिटला जोडली जाते. ही सोय २०२० च्या २.२७ आवृत्तीपासून आहे. फाइलचं नाव न देता केलेल्या शोधाला तिचा उपयोग नाही.

*‘कुणी आणि का?’*

गिट ब्लेम -डब्ल्यू -सी वर्गणी.पीवाय

सी कॅपिटल. ‘-डब्ल्यू’ स्पेसचे फरक सोडून देतो, ‘-सी’ दुसऱ्या फाइलमधून उचलून आणलेल्या ओळींचा माग काढतो. हे दोन नसतील तर कोड नीटनेटका करणाऱ्या बिचाऱ्याच्या नावावर सगळं पाप जमा होतं. ब्लेममध्ये फक्त आजची ओळ दिसते. फंक्शनची सगळी जन्मकथा हवी असेल तर गिट लॉगला कॅपिटल ‘-एल’ द्या आणि त्याला चिकटून :फंक्शनचं_नाव:फाइल. पायथॉनच्या क्लासमधली फंक्शन ओळखता यावीत म्हणून डॉट-गिटअॅट्रिब्यूट्समध्ये ‘*.पीवाय डिफ=पायथॉन’ लिहून ठेवा.

*‘फाइलच दिसत नाही’*

गिट लॉग --ऑल --फुल-हिस्टरी --डिफ-फिल्टर=डी -- '*पावती*'

जिने फाइल उडवली ती कमिट मिळेल. तिचा हॅश, त्याला चिकटून टोपीचं चिन्ह म्हणजे तिच्या आधीची स्थिती. गिट रिस्टोरला ‘--सोर्स’ म्हणून तेवढं दिलं की फाइल परत. कमिट केलेलं पण रीसेट करताना सुटलेलं काम ‘गिट रीफ्लॉग’मध्ये असतं. फक्त अॅड केलेलं, कमिट न झालेलं असेल तर ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ करून बघा: अॅड करतानाच ब्लॉब लिहिला जातो, त्यामुळे मजकूर वाचलेला असतो, नाव तेवढं हरवलेलं. साफसफाईत असे अनाथ ब्लॉब साधारण दोन आठवडे टिकतात, तेव्हा लगेच उचला.

याच गुणाची दुसरी बाजू पासवर्डची. पेमेंट गेटवेची गुप्त की चुकून कमिट झाली आणि पुढच्या कमिटमध्ये काढली, तरी ब्लॉब जागेवरच आहे; ‘-एस’वाला शोध कुणालाही ती काढून देईल. आधी की बदला. इतिहास गिट फिल्टर-रेपोने नंतर धुता येतो, पण लोकांनी आधीच केलेल्या क्लोनपर्यंत (रेपोच्या प्रतींपर्यंत) तुमचा हात पोचत नाही.

देवनागरीची वेगळी कटकट

फाइलचं नाव ‘वर्गणी.टीएक्सटी’ असं मराठीतच ठेवलं तर गिट स्टेटस \३४०\२४४\२६५ असले आकडे ओकतं. हे ‘व’चे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. उपाय एका ओळीचा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

खरी डोकेदुखी मजकुरात आहे. गिट बाइट जुळवतं, अक्षरं नाही. ‘दुसऱ्या’मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, खास त्यासाठीच असलेलं ऱ हे चिन्ह आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. ‘ॲडव्हान्स’चंही तेच: कुणाच्या कीबोर्डवर ॲ हे एकच चिन्ह, कुणाच्या अ आणि वर चंद्र अशी दोन. पावतीवरचा मराठी मजकूर कोडमध्ये असेल आणि ग्रेप ‘नाही’ म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. युनिकोडचं प्रमाणीकरणही या दोन जोड्यांना एक करत नाही, म्हणून शब्दाचा निर्विवाद तुकडा शोधा: ‘दुस’ किंवा ‘डव्हान्स’. आणि टीममध्ये एकच कीबोर्ड ठरवा. ग्रेपचा, पूर्ण शब्द जुळवणारा ‘-डब्ल्यू’ पर्यायही देवनागरीसाठी भरवशाचा नाही, कारण गिटच्या लेखी शब्दातली अक्षरं म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा.

रेपो शेकड्यांनी असतील तर

कंपनीत दोनशे रेपो असतील तर प्रत्येकात ग्रेप चालवणं व्यवहार्य नाही. तिथे शब्दसूची बाहेरून बांधावी लागते. रस कॉक्स यांनी २०१२ मध्ये गूगल कोड सर्चची पद्धत उलगडून लिहिली होती: प्रत्येक फाइलमधले सलग तीन-तीन चिन्हांचे तुकडे काढायचे आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलीत आहे याची यादी ठेवायची. शोधशब्दाचेही तसेच तुकडे करायचे. ते सगळे ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच उघडायच्या. झोएक्ट हे मुक्त साधन असंच चालतं आणि ऑफिसच्या एका बऱ्या सर्व्हरवर बसवता येतं. गिटहबचा कोड सर्चही सूचीवर चालतो, मात्र फक्त मुख्य ब्रँचवर. दुसऱ्या ब्रँचवरचा किंवा इतिहासातला शब्द तिथे मिळणार नाही. त्यासाठी क्लोन करून ‘-एस’च.

आणि तो क्लोन पूर्ण हवा. ‘--डेप्थ १’ने घेतलेल्या क्लोनमध्ये इतिहासच नसतो, बिल्ड सर्व्हरवरचे क्लोन बहुधा असेच असतात, आणि तिथे सगळ्या ओळी एकाच कमिटच्या नावावर दिसतात. ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ने घेतला असेल तर कमिट्स आणि ट्री असतात, ब्लॉब लागेल तसे सर्व्हरवरून येतात. फाइलींच्या नावांवरचे शोध त्यात झकास चालतात. पण ‘-एस’ दिलात की प्रत्येक जुना ब्लॉब नेटवर्कवरून ओढला जातो. ‘--डेप्थ १’चा क्लोन असेल तर आधी ‘गिट फेच --अनशॅलो’ करा, नाहीतर सरळ पूर्ण क्लोन घ्या, आणि मगच खजिनदारांना फोन लावा.